मधोमध

पेनल्टीच्या वेळी गोलकीपरच्या मनात काय चाललेलं असतं, असं मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. खरं सांगायचं तर काहीच नसतं. चेंडू अकरा मीटरवर ठेवलेला, पाठीशी सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंदीचा उघडा दरवाजा, आणि पायातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर अंगावर येणार. बघून ठरवू म्हटलं तर उशीर होतो. म्हणून कीपर आधीच ठरवून टाकतो. ते एक भाकीतच असतं, फक्त तोंडानं न सांगता सबंध अंगानं सांगितलेलं.

माझं भाकीत चुकलं कोल्हापूरच्या गांधी मैदानावर, सोळाव्या वर्षी. दोन तालमींच्या पोरांचा सामना होता आणि तो टायब्रेकरवर गेला होता. समोर त्यांचा सेंटर फॉरवर्ड. शाळेत माझ्याच बाकावर बसणारा, त्यामुळं त्याच्या खोड्या मला तोंडपाठ. तो माझ्या डावीकडं मारणार याची मला इतकी खात्री होती की त्यानं पाय उचलायच्या आधीच मी डावीकडं झेपावलो. कोपर सोलवटलं, तोंडात माती गेली, आणि पडल्या पडल्या मान वळवून पाहिलं तर चेंडू, मी मघाशी जिथं उभा होतो नेमक्या त्याच जागेवरून, देवदर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा सावकाश आत चालला होता. मी काहीही केलं नसतं तर तो माझ्या पोटाशी येऊन थांबला असता.

सामना गेला. तालमीचे वस्ताद जवळ आले, कोपराकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘जाऊ दे. उडी तरी मारली पोरानं.’’ त्या वाक्यानं मला त्या दिवशी सावरलं. पुढं कित्येक वर्षांनी त्याच वाक्यानं मला कोड्यात टाकलं.

आता मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. २०२२च्या वर्ल्डकपच्या आधी वर्गातली चार पोरं प्रकल्पाची कल्पना घेऊन आली : सर, आंतरराष्ट्रीय सामन्यांचे निकाल कृत्रिम बुद्धिमत्तेनं सांगायचे. त्यांच्या डोळ्यांत ती चमक होती जी आमच्या वेळी मटक्याचा आकडा सापडल्याचा दावा करणाऱ्यांच्या डोळ्यांत असायची. मी हो म्हणालो. कोपरावरचा वण कधीकधी खाजतो, दुसरं काय.

सुरुवात एका लांबलचक फाइलनं झाली. देशादेशांत आजवर झालेले चाळीस हजारांहून जास्त सामने, एका ओळीत एक. पहिली ओळ ३० नोव्हेंबर १८७२ची. ग्लासगो शहर, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. निकाल : शून्य-शून्य. मला ती ओळ फार आवडली. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना, आणि त्यानं काहीही सांगायला नकार दिला. दोन्ही संघ मधोमध उभे.

पोरांना वाटत होतं, मशीन म्हणजे काहीतरी गूढ असेल. मी त्यांना आधी दोन जुनी माणसं भेटवली. पहिले अर्पाद एलो, हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकवणारे, बुद्धिबळाचे शौकीन. त्यांची युक्ती अशी : प्रत्येकाच्या नावावर काही गुण ठेवायचे. तगड्यानं दुबळ्याला हरवलं तर थोडेच गुण इकडून तिकडं सरकवायचे. दुबळ्यानं तगड्याला लोळवलं तर ढीगभर. म्हणजे आश्चर्याला जास्त भाव. बुद्धिबळात ही रीत अर्धशतक मुरली आणि २०१८ साली फिफानंही आपली क्रमवारी त्याच वळणावर नेली.

दुसरे लाडिस्लाउस बोर्टकीविच. १८९८ साली यांनी प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेनं किती सैनिक दगावले, त्याचा हिशेब मांडला. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे दोनशे नोंदी. एकूण मृत्यू १२२. कुठल्या तुकडीत कुठल्या वर्षी कोणाला लाथ बसेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्रात ते १२२ घातले, तर सूत्र म्हणतं : दोनशेपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नसावा. प्रत्यक्षात किती होत्या? १०९.

लाथांचं हेच सूत्र पुढं चेंडूला घातलेल्या लाथांनाही लागू पडलं. गोल हीसुद्धा घोड्याच्या लाथेसारखीच दुर्मीळ, अवचित घटना. २०२२च्या वर्ल्डकपात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले. सामन्याला जेमतेम २.६९. बास्केटबॉलमध्ये शंभर-शंभर गुण होतात, चुका एकमेकींना पुसून टाकतात आणि शेवटी सरस संघच बहुधा वर येतो. फुटबॉलमध्ये पुसायला दुसरं काही उरतच नाही. एक घसरलेला पाय, खांबाला लागून आत वळलेला एक चेंडू, आणि तोच इतिहास होऊन बसतो. या खेळात दैवाला पाट मांडून जेवायला बसवलेलं असतं.

मग पोरांनी वेगवेगळी यंत्रं जुंपली. शेकडो छोट्या निर्णयवृक्षांचं जंगल, मेंदूच्या नकलेवर बेतलेली जाळी, सगळं. मोठी जाळी जुने सामने चटाचट पाठ करायची आणि नव्या सामन्यापुढं घोकंपट्टीवाल्या पोरासारखी गप्प व्हायची. देशांच्या फुटबॉलची हीच गोम आहे. क्लबचे संघ आठवड्याला खेळतात. देशाचा संघ वर्षातून दहा-बारा वेळा एकत्र येतो, तोही दरवेळी निराळ्या माणसांचा. चार वर्षांपूर्वीचा ब्राझील आणि आजचा ब्राझील यांच्यात सारखा असतो तो मुख्यत्वे शर्टाचा पिवळा रंग. यंत्राला हवा असतो महापूर आणि आपण त्याच्या तोंडाशी धरतो ओंजळ. शेवटी एलोंचे गुण आणि पॉयसाँची लाथ, एवढ्या साध्या जोडीपुढं आमची महागडी जाळी फारशी सरस ठरली नाही.

एका रात्री आम्ही त्या यंत्राला अख्खा वर्ल्डकप दहा हजार वेळा खेळायला लावला. मी दिवा मालवून नुसता पडद्याकडं बघत बसलो होतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक सबंध स्पर्धा. तिच्यात कुणीतरी रडलेलं, कुणीतरी गुलाल उधळलेला. ब्राझील जिंकला, फ्रान्स जिंकला, पुन्हा ब्राझील, अर्जेंटिना, स्पेन, मधेच कुठंतरी डेन्मार्क. इतकी जगं, आणि एकाही जगात आवाज नाही. सकाळी मोजदाद झाली. ब्राझील सगळ्यांत पुढं. पण पुढं म्हणजे किती? पाचांतून एकदा, तेही ओढूनताणून.

त्याच सकाळी कोल्हापूरहून फोन आला. तोच सेंटर फॉरवर्ड. आता त्याचं उद्यमनगरात लेथ मशीनचं वर्कशॉप आहे, दोन पोरं हाताखाली, आणि डोक्यात आजन्म अर्जेंटिना. वर्ल्डकप आला की आमच्या गावात गल्ल्यांना देश फुटतात. भिंती रंगतात, चौकात मेस्सीचे आणि नेमारचे दुमजली कटआउट उभे राहतात, सख्खे शेजारी महिनाभर परदेशी होतात.

‘‘काय म्हणतंय तुझं मशीन? कोण घेणार कप?’’

‘‘ब्राझील. अठरा-वीस टक्के.’’

‘‘आणि उरलेले ऐंशी?’’

‘‘उरलेले सगळे मिळून.’’

तो थोडा वेळ गप्प. ‘‘म्हणजे तुझं मशीन सांगतंय की ब्राझील जिंकायचा नाही. एवढं सांगायला वीज जाळलास व्हय रे लेका?’’

मी हसलो, पण तो बरोबर होता. २०१८च्या वर्ल्डकपआधी डॉर्टमुंड, गेंट आणि म्युनिकच्या संशोधकांनी असंच एक जंगल उभं केलं होतं आणि स्पर्धा एक लाख वेळा खेळवली होती. स्पेन अव्वल, सुमारे १८ टक्के. जर्मनी त्याच्या पाठीला चिकटून. मग स्पेनचा सलामीचा सामना दोन दिवसांवर असताना त्यांच्या संघटनेनं प्रशिक्षक लोपेतेगी यांनाच घरी पाठवलं. लाखातल्या एकाही खेळात हे घडलेलं नव्हतं, कारण यंत्राला रुसवेफुगवे कुणी शिकवलेलेच नव्हते. स्पेन रशियाकडून पेनल्ट्यांवर हरला. जर्मनी तर कझानमध्ये दक्षिण कोरियाकडून दोन गोल खाऊन गटातच बाद झाला. लोक हसले. पण यंत्र खोटं बोललं होतं का? त्यानं तर आधीच सांगितलं होतं की स्पेन न जिंकण्याची शक्यता जिंकण्याच्या चौपटीहून जास्त आहे. अठरा टक्के हे आपण ‘हो’ म्हणून ऐकलं, ही यंत्राची चूक की कानाची?

मित्राला हे कसं समजवावं, या विचारात होतो. त्यानंच मला समजावलं. ‘‘हे बघ,’’ तो म्हणाला, ‘‘ड्रॉइंगवर पंचवीस मिलिमीटर लिहिलेलं असतं, पुढं प्लस-मायनस. शंभर जॉब काढले की दोन-चार रिजेक्ट निघणारच. कुठले, ते आधी सांगता येत नाही. पण किती, ते हातावरच्या घट्ट्यांना माहीत असतं. तुझं मशीन तेच म्हणतंय ना?’’

तीस वर्षं मी वर्गात जे सांगत आलो, ते त्यानं चहाच्या एका घोटात सांगून टाकलं. मी म्हणालो, ‘‘अगदी तेच.’’

‘‘मग एक सांग. वर्ल्डकपचे जॉब किती निघतात?’’

‘‘एकच.’’

‘‘मग?’’ म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या ‘मग’वर मी अजून अडलेलो आहे. टक्केवारीला अर्थ येतो तो पुष्कळ वेळांच्या गोतावळ्यात, आणि आपल्या वाट्याला घटना येते ती एकटी. दहा हजार स्पर्धा यंत्राच्या पोटात खेळल्या गेल्या, पण कतारमध्ये व्हायची ती एकच. हवामान खातं सत्तर टक्के पाऊस म्हणतं. शेतकऱ्याच्या शेतावर तो एक तर पडतो किंवा पडत नाही. सत्तर टक्के भिजलेलं रान कुणी पाहिलंय? आपल्याला म्हणूनच टक्केवारीपेक्षा ज्योतिषी जवळचा वाटतो. तो चुकतो, पण एका बाजूला तरी पडतो. २०१०च्या वर्ल्डकपात जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला पॉल नावाचा ऑक्टोपस जगाचा लाडका झाला तो याच गुणावर. समोर दोन डबे, प्रत्येकावर एकेका देशाचा झेंडा, आत खाऊ. पॉल एकाच डब्यात शिरायचा. जर्मनीचे सातही सामने आणि शिवाय अंतिम सामना, आठपैकी आठ बरोबर. नाणं उडवून असं घडायची शक्यता २५६त एक. पॉलनं कधीही ‘साठ टक्के स्पेन’ म्हटलं नाही. तसं म्हणाला असता तर तो मेल्यावर त्याच्यासाठी एवढ्या जगानं डोळे पुसले असते का?

पोरांनी मधेच गंमत म्हणून एका गप्पा मारणाऱ्या कृत्रिम बुद्धीलाही विचारलं. तिनं क्षणाचाही विलंब न लावता एक देश सांगितला, वर तीन मुद्देसूद कारणं. प्रश्न जरा फिरवून विचारला, तर दुसरा देश आणि तितकीच पटणारी दुसरी तीन कारणं. पोरं खिदळली. मला मात्र गांधी मैदान आठवलं. माहीत नसताना नुसतं उभं राहणं लाजिरवाणं वाटतं, म्हणून उडी मारायची. आमच्या आकड्यांच्या यंत्राला मधे उभं राहायचं शिकवलं होतं. हे बोलकं यंत्र माणसांच्या बोलण्यावर वाढलेलं, त्यानं आमचीच सवय उचलली.

या सवयीवर संशोधनही झालंय. इस्रायलमधल्या अभ्यासकांनी वरच्या दर्जाच्या सामन्यांतल्या २८६ पेनल्ट्या तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष मांडला. जवळजवळ २९ टक्के फटके मधल्या भागात आले होते. मधे उभे राहिलेले कीपर किती? अवघे ६.३ टक्के. उभे राहिले असते तर त्यांनी जास्त चेंडू अडवले असते, असं हिशेब सांगतो. तरी ते उडी मारतात, कारण उडी मारून खाल्लेला गोल हा गोल असतो आणि उभं राहून खाल्लेला गोल हा गुन्हा असतो. मी तो निबंध वाचला तेव्हा वस्तादांचं वाक्य पुन्हा कानात वाजलं. ‘उडी तरी मारली.’ ते सांत्वन होतं की निदान?

वर्ल्डकप सुरू झाला. २२ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनला अर्जेंटिना सौदी अरेबियाशी खेळली. सलग ३६ सामने न हरलेला संघ. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी आत. त्यानंतर पूर्वार्धात अर्जेंटिनानं आणखी तीनदा चेंडू जाळ्यात घातला आणि तिन्ही वेळा तो ऑफसाइड ठरला. छताखालचे बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला पन्नासदा टिपत होते. अर्जेंटिनाच्या लाउटारोचा खांदा बोटभर पुढं गेला तो त्यांनी पकडला. यंत्राची ही दृष्टी थक्क करणारी. पण आपली बचावाची रांग जीव मुठीत धरून इतकी पुढं आणून ठेवायची, हा वेडा जुगार सौदीच्या माणसांनी केला होता. उत्तरार्धात पाच मिनिटांत दोन गोल, आणि २-१. ग्रेसनोट या विश्लेषण संस्थेनं सौदीच्या विजयाची शक्यता ८.७ टक्के धरली होती. दुसऱ्या दिवशी त्या देशात सार्वजनिक सुट्टी.

मित्राचा फोन आला नाही, म्हणून मीच केला. मागं लेथचा आवाज नव्हता. ‘‘पोरांना घरी पाठवलंय,’’ तो म्हणाला. ‘‘रिजेक्ट जॉब नेमका माझ्याच हातात आला बघ.’’

त्याला धीर द्यायला मी दुसरा एक रिजेक्ट जॉब सांगितला, आपल्या भारताच्या बाजूनं पडलेला. १० सप्टेंबर २०१९, दोहा. वर्ल्डकप पात्रता फेरी. समोर कतार, त्याच वर्षी आशियाचा विजेता झालेला. आपला छेत्री आजारी, संघाबाहेर. समजा, यंत्रानं कतारला सरासरी दोन गोल दिले असते आणि आपल्याला अर्धा. पॉयसाँच्या सूत्रानं शून्य-शून्यची शक्यता येते सुमारे आठ टक्के. कतारनं नव्वद मिनिटं फटक्यांचा भडिमार केला आणि गुरप्रीतसिंग संधू नावाच्या उंच माणसानं दार लावून घेतलं. शून्य-शून्य. तेच, ग्लासगोच्या पहिल्या ओळीतलं. फाइलमध्ये ती एक सपाट ओळ आहे. त्या रात्री मी पुण्यातल्या घरात एकटाच ओरडलो होतो, आणि शेजारच्यांनी बेल वाजवून काय झालं म्हणून विचारलं होतं. काय सांगणार? काही झालं नाही, हेच झालं होतं.

‘‘म्हणजे आठ टक्क्यांत पण माणसं राहतात म्हण की,’’ मित्र म्हणाला. जरा वेळानं मागं लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढं ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्ट्यांवर गेला, आणि गावातल्या पिवळ्या भिंती एका रात्रीत पोरक्या झाल्या. अर्जेंटिना मात्र धडपडत, सावरत अंतिम सामन्याला पोचली, समोर फ्रान्स. १८ डिसेंबरला मी कोल्हापुरात होतो. चौकात मोठा पडदा, खुर्च्या भाड्याच्या, शेंगा विकणारा पोरगा खेळाकडं पाठ करून गिऱ्हाइकांची तोंडं बघणारा. मित्रानं माझी खुर्ची आपल्या शेजारी धरून ठेवली होती.

‘‘आज मशीन काय म्हणतंय?’’

‘‘निम्मं निम्मं. उन्नीस-बीस.’’

‘‘मशीन राहू दे. तू सांग. एकदा तरी उडी मार.’’

मी गप्प राहिलो. त्यानं मान हलवली आणि पडद्याकडं वळला.

सामना जगानं बघितलाय, त्यामुळं मी सांगत बसत नाही. अर्जेंटिनाची दोन गोलांची आघाडी फ्रान्सच्या एम्बापेनं सत्त्याण्णव सेकंदांत पुसून टाकली तेव्हा शेंगावाल्या पोरानं पहिल्यांदा मागं वळून पडद्याकडं पाहिलं. ज्यादा वेळेत मेस्सीचा गोल, परत एम्बापे, तीन-तीन. मग १२३व्या मिनिटाला फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा कीपरसमोर आला. एमिलियानो मार्टिनेझ पुढं सरसावला, हातपाय पसरून चांदणी झाला, आणि त्याच्या डाव्या पायानं तो चेंडू अडवला. चौकातली माणसं त्या क्षणी श्वास घ्यायला विसरली होती. खुर्च्यांचासुद्धा आवाज नव्हता. तेव्हा मला कळलं की दहा हजार मुक्या स्पर्धांत काय नव्हतं. निकाल तर तिथंही होते. नव्हतं ते हे, शेकडो माणसांनी खांद्याला खांदा लावून एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी अडाणी असणं.

टायब्रेकर. एम्बापे आत. मेस्सी आत. कोमानचा फटका मार्टिनेझनं अडवला. मग अर्जेंटिनाकडून दिबाला आला. शेवटच्या मिनिटाला, खास पेनल्टीसाठी उतरवलेला. त्यानं धाव घेतली. फ्रान्सचा कीपर लोरिसनं झेप घेतली. आणि चेंडू गेला सरळ मधोमध, लोरिस एका क्षणापूर्वी जिथं उभा होता तिथून. नंतर दिबालानं सांगितलं की मधे मार, हा सल्ला मार्टिनेझनं दिला होता. कीपरनं कीपरला ओळखलं होतं.

चौक उसळला. गुलाल कुठून आला कळलं नाही. मी मात्र खुर्चीवरून अर्धा कलंडलेला, एक हात जमिनीकडं गेलेला. दिबालानं पाय उचलला तेव्हा माझं अंग मला न विचारता निघालं होतं.

मित्रानं तेवढ्या गोंधळात माझ्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर गुलाल, डोळ्यांत पाणी. माझा दंड धरून मला सरळ करत तो म्हणाला, ‘‘अजून डावीकडंच व्हय रे?’’